बाईंच्या नावावरचा आठवडा

फ्रेमवाल्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिसॉर्टची मागची भिंत दिसायची. भिंतीपलीकडे एक बुटकी, लांबट इमारत होती आणि थंडीच्या दिवसांत सकाळी तिच्या छपरावरून वाफ वर जाताना दिसे. आत गरम पाण्याचा तलाव होता. नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षं ती वाफ पाहिली होती, पण शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय याच्याशी आपल्याला काय, अशाच नजरेने. गरम पाणी त्यांच्याही घरात होतं. बादलीभर.

मग बाईंना झटका आला.

बाई म्हणजे फ्रेमवाल्यांची बायको. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर लहान मुलांचा वर्ग चालवला, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि चारचौघांत नवराही बाईच म्हणायचा. झटक्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं अडलं. शब्द हरवले नव्हते. ते फडताळाच्या मागच्या कप्प्यात सरकले होते, एवढंच. हात घालून एकेक बाहेर काढायला वेळ लागायचा.

व्यायाम शिकवणारे डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी बाईंचा पाय हातात धरून वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"पायात जीव आहे," ते म्हणाले. "पण जमिनीवर तो यांचं वजन घेत नाही. छातीएवढ्या गरम पाण्यात उभं केलं तर अंग हलकं होईल. पाय तिथे चालायला शिकेल, मग जमिनीवर बघू. मात्र उशीर करू नका. पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं. नंतर फार काही येत नाही."

शहराचा सार्वजनिक तलाव होता, पण त्याचं पाणी बर्फासारखं आणि उतरायला एक लोखंडी शिडी. धडधाकट माणूससुद्धा देवाचं नाव घेऊन उतरायचा. राहता राहिला खिडकीतला तलाव.

फ्रेमवाले रिसॉर्टच्या कचेरीत गेले आणि तलावाचं तिकीट मागितलं. तिथे तिकीट मिळत नव्हतं. तलाव फक्त राहायला आलेल्या पाहुण्यांसाठी होता, नाहीतर ज्यांच्या मालकीचा तिथे एक आठवडा आहे त्यांच्यासाठी.

"आठवडा मालकीचा?" फ्रेमवाल्यांनी विचारलं. "आठवडा कसा कोणाच्या मालकीचा असेल?"

तिथल्या टायवाल्या तरुणाने त्यांना खुर्चीवर बसवून नीट समजावलं. त्याला टाइमशेअर म्हणतात. चार भावंडांत एकच सायकल असली की वार ठरवून घेतात ना, आज तुझी, उद्या माझी, तसंच. खोली एक, वर्षाचे आठवडे बावन्न, आणि एकेक आठवडा एकेकाने विकत घ्यायचा. त्या आठवड्यात खोली तुमची, दरवर्षी. बाकीच्या आठवड्यांत खोलीत दुसरं कोणी राहणार. पण तलाव, बाग, व्यायामाची खोली मात्र आठवड्याच्या मालकाला बारा महिने उघडी.

"बारा महिने?"

"रोज या, काका. तुम्ही तर इतक्या जवळ राहता."

तसबिरींना चौकटी बसवायच्या आपल्या दुकानात नवीन काच कापायचं टेबल घ्यायचं म्हणून जे पैसे बाजूला ठेवले होते, ते या कामाला लावायचं फ्रेमवाल्यांनी तिथेच ठरवलं. आठवडा त्यांनी सर्वांत स्वस्त निवडला. जेव्हा कोणालाच सुट्टी नसते, कुठलीच शाळा बंद नसते आणि हवाही धड नसते, असा एक आठवडा शिल्लक होता.

त्यांच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान होतं. औषधवाला त्यांचा जुना मित्र. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"नाल सापडली म्हणून लोक घोडा विकत घेतात, हे ऐकलं होतं," तो म्हणाला. "नाल हवी म्हणून घोडा घेणारा तू पहिला."

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, माणूस सुट्टीला घरापासून लांब जातो."

"आम्हाला सुट्टीला जायचंच नाहीये."

"मग खोली कशाला?"

"खोलीशी काय करायचंय आपल्याला? पाणी हवंय."

"म्हणजे पाण्यासाठी खोली."

"हां."

"आईला विचारलंत?"

फ्रेमवाल्यांनी फोन बाईंच्या कानाला लावला. मुलीने तिकडून काहीतरी विचारलं. बाई भिंतीकडे पाहत राहिल्या, त्यांचे ओठ हलले. "मला..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मला..."

फ्रेमवाल्यांनी फोन परत आपल्या कानाला लावला. "पसंत आहे तिला," ते म्हणाले.

"बाबा, तिचं वाक्य पूर्ण झालं नव्हतं."

"अगं, मला कळतं ना तिचं."

सह्यांच्या दिवशी त्यांनी बाईंना चाकाच्या खुर्चीतून कचेरीत नेलं. टायवाल्याने कागद पुढे सरकवले आणि विचारलं, "नाव कोणाचं घालू? दोघांचं?"

फ्रेमवाल्यांनी कागदांकडे पाहिलं. घर त्यांच्या नावावर होतं. दुकान वडिलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलं होतं. विजेचं बिल, फोन, दारावरची पाटी, सगळीकडे तेच होते. संसाराला इतकी वर्षं झाली, पण बाईंच्या नावावर एक खुर्चीसुद्धा नव्हती आणि हे त्यांना त्या टेबलापाशी पहिल्यांदा जाणवलं.

"फक्त बाईंचं," ते म्हणाले.

"दोघांचं केलं तरी तेवढ्यातच होतं, काका."

"नको. एकटीचं. एक तरी गोष्ट तिची एकटीची असू दे."

टायवाला हसला आणि म्हणाला की असा नवरा त्याने पाहिला नव्हता. फ्रेमवाल्यांना बरं वाटलं. बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. फ्रेमवाल्यांनी आधाराला हात पुढे केला, तसा त्यांनी कोपराने तो बाजूला सारला आणि वेळ घेत, जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ज्यांनी अक्षर वळवायला शिकवलं त्यांची ती सही होती. ती बघून फ्रेमवाल्यांनी नजर वळवली. बाईंनी मात्र ती पुन्हा एकदा न्याहाळली आणि मान डोलावली, जमलं म्हणून.

पहिल्या दिवशी फ्रेमवाल्यांनी पिशवी भरली. दोन टॉवेल, बाईंचे कोरडे कपडे, पोहण्याची चड्डी, रबरी चपला, थर्मास. तलावाच्या इमारतीच्या दारात, एकेकालाच आत सोडणारं एक फिरतं दांडकं होतं आणि त्यापाशी एक मुलगी उभी होती. गळ्यात शिट्टी, केस ओले. पाण्यात कोणाला काही झालं तर उडी मारायची, हे तिचं काम. पोहायला शिकायला येणारी मुलं तिला शिट्टीताई म्हणायची.

"कार्ड?" तिने विचारलं.

फ्रेमवाल्यांनी दाखवलं.

"हे आजींचं. तुमचं?"

"मी नवरा त्यांचा."

"ते दिसतंय, आजोबा. तुमचं कार्ड?"

खरेदीच्या आधी ते काका होते. आता आजोबा झाले होते. "माझं वेगळं नाही," ते म्हणाले. "मी हिला धरायला आलोय. हिला एकटीला उभं राहता येत नाही."

शिट्टीताईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "ज्यांच्या नावावर आठवडा त्यांनाच आत सोडता येतं. घरच्यांना फक्त त्या आठवड्यात, मुक्कामाला आलात की. मी ठरवलेलं नाही, आजोबा. वर कॅमेरा आहे."

फ्रेमवाले कचेरीत गेले. टायवाल्याने खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "मी म्हणालो होतो, दोघांचं करू." नाव वाढवता येतं का, तर येतं, पण पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर. आधी नाही. त्याच्याही वरच्या साहेबांकडे फ्रेमवाले गेले. साहेबांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, बाईंची चौकशी केली आणि तेच सांगितलं. भांडायला समोरचा माणूस उद्धट तरी लागतो. इथे सगळेच गोड बोलत होते.

ते परत आले तेव्हा बाई दांडक्यापाशी खुर्चीत तशाच बसल्या होत्या. शिट्टीताई त्यांच्यापुढे उकिडवी बसून काहीतरी सांगत होती.

"मी नेते त्यांना," ती म्हणाली. "आमच्याकडे पाण्यात उतरवायची खुर्ची आहे. तुम्ही इथे काचेपाशी बसा. दिसेल सगळं."

"ती घाबरेल."

शिट्टीताईने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डावा हात तिच्यापुढे केला.

बाहेरच्या बोळात एक बाक होता आणि बाकासमोर छतापर्यंत काचेची भिंत. फ्रेमवाल्यांचा जन्म काच कापण्यात गेला होता. त्यांनी बोटाच्या पेराने ती वाजवून पाहिली. दुहेरी होती, मधे हवा कोंडलेली. आतला आवाज बाहेर येणार नव्हता.

त्यांनी पाहिलं, बाईंना पट्ट्याच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची हळूहळू खाली गेली. पाणी गुडघ्यांवर आलं, पोटावर आलं, आणि बाईंचा चेहरा असा झाला की ते बाकावरून उठलेच. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई हसताहेत. उजवा खांदा, जो कितीतरी दिवस धुतलेल्या कपड्यासारखा लोंबत होता, तो पाण्याने उचलून धरला होता.

तेवढ्यात काच धुरकट झाली. त्यांनी रुमाल काढून जोराने पुसली. काहीच फरक पडला नाही. वाफ आतल्या बाजूला धरली होती आणि रुमाल बाहेर होता.

त्या दिवसापासून तोच क्रम झाला. सकाळी दुकान उशिरा उघडायचं, खुर्ची ढकलत चढ चढायचा, दांडक्यापाशी बाईंना दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि बाकावर बसायचं. औषधवाला रोज नवी युक्ती सुचवायचा. प्लंबर बनून जा. मिशी लाव. "नाहीतर बाईसाहेबांना विचार, त्यांच्या मालमत्तेत भाडेकरू म्हणून ठेवतात का." फ्रेमवाले हसायचे. दुसरं काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता आणि बुक्क्याही आपल्याच हाताच्या.

घरी आल्यावर ते विचारायचे, "आज चाललीस?"

"हो."

"कुठवर?"

बाई डाव्या हाताने दाखवायच्या. इथून दारापर्यंत.

"भीती वाटते का गं?"

"पा..." बाई म्हणायच्या. "पा..."

"पाणी? थांब, देतो."

ते पेला भरून आणायचे. बाई त्यांच्याकडे बघायच्या आणि मग पिऊन टाकायच्या. त्यांना पाणी नको होतं, हे फ्रेमवाल्यांना पेला विसळताना कधी कधी कळायचं. पण मग काय हवं होतं, ते विचारायला गेलं की बाईंनी मान दुसरीकडे वळवलेली असायची.

दुपारच्या वेळी पोहायला शिकणारी मुलं यायची. बाईंची वेळ पुढे सरकत सरकत दुपारवर आली. शिट्टीताई म्हणाली की त्यांनीच तशी मागून घेतली. मुलांत एक गोरटेलासा मुलगा होता, तो पाण्यात उतरायचा पण काठ सोडायचा नाही. पालीसारखा भिंतीला चिकटलेला असायचा. एके दिवशी फ्रेमवाल्यांनी पाहिलं, बाई शिट्टीताईला सोडून त्याच्याकडे निघाल्या. उजवा पाय मागे राहायचा, मग पाण्यातून हळूच पुढे यायचा, जणू त्याला कोणीतरी हाक मारली आहे. त्या पोहोचल्या. काठ धरून मुलाशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलू लागले.

ते हलतच राहिले. घरी दिवसभरात त्या जेवढं बोलायच्या त्याहून जास्त त्या एका दमात बोलल्या असाव्यात. फ्रेमवाल्यांनी कान काचेला लावला. काच गार होती, बाकी काही नाही.

मग इतर मुलंही जमायला लागली. काच तलावाच्या काठालाच लागून होती; ती धुरकटली की बाई डाव्या बोटाने आतून तिच्यावर अक्षरं काढायच्या आणि मुलं ती ओळखायची. फ्रेमवाल्यांच्या बाजूने ती सगळी उलटी दिसायची. त्यांना ती वाचायला एवढा वेळ लागायचा की तोवर आत सगळे हसून मोकळे झालेले असत आणि अक्षर ओघळून गेलेलं असे.

"काय बोलते ती त्यांच्याशी?" त्यांनी शिट्टीताईला विचारलं.

"गोष्टी सांगतात."

"गोष्टी? पूर्ण?"

"मधे अडतात की."

"मग?"

"मग काय, मुलं थांबतात."

त्या संध्याकाळी फ्रेमवाल्यांनी ठरवलं की आपणही थांबायचं. जेवताना बाई म्हणाल्या, "उद्या..." आणि अडल्या. फ्रेमवाले हातातला घास हातात धरून बसले. बाई शब्द शोधत होत्या. कपाळावर आठी आली होती, ओठ एका अक्षरापाशी येऊन परत फिरत होते. एखादं माणूस खोल विहिरीतून वर यायला धडपडतंय आणि आपल्या हातात दोर आहे, असं फ्रेमवाल्यांना वाटलं. तो टाकायचा नाही म्हणजे काय?

"उद्या डॉक्टर यायचेत, तेच ना?" ते म्हणाले.

बाईंनी वाटी बाजूला सरकवली. "हो," त्या म्हणाल्या. डॉक्टर परवा यायचे होते.

ते परवा आले. पलंगापाशी उभं करून पाहिलं. बाईंनी फ्रेमवाल्यांच्या दोन्ही हातांवर भार टाकला आणि पाय फरफटला. "पाण्यात चालतात म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं. "मग इथे अजून काहीच कसं नाही?" त्यांनी दिनदर्शिकेकडे पाहिलं. वर्षातलं बरंचसं सरलं होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"आमचा आठवडा येतोय," फ्रेमवाले म्हणाले. "तेव्हा मी असेन पाण्यात. मी असलो की होईल."

आठवडा आला तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावून पाटी अडकवली: बाहेरगावी गेलो आहे. औषधवाला पायरीवर येऊन उभा राहिला.

"जपून जा," तो म्हणाला. "पोहोचलात की फोन कर. किंवा खिडकीतून हात केलास तरी चालेल."

खोली चांगली होती. पलंग मात्र उंच होता आणि न्हाणीघरात धरायला काही नव्हतं. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, तसंच ते प्रत्येक खोलीत असणार. त्याच्या चौकटीचा कोपरा उघडला होता. फ्रेमवाल्यांनी सवयीने अंगठ्याने तो दाबून पाहिला. गॅलरीतून त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर दिसत होतं. बाई बराच वेळ तिकडे बघत होत्या. "लहान," त्या म्हणाल्या.

मनगटाला मुक्कामाच्या पाहुण्यांची निळी पट्टी बांधून फ्रेमवाले त्या दिवशी दांडक्यातून आत गेले. कोणी अडवलं नाही. शिट्टीताई म्हणाली, "या आजोबा. बाक आज मोकळा राहणार." आत उबदार, ओली हवा होती आणि आवाज केवढा होता. इतके महिने मुकं पाहिलेलं सगळं आता एकदम बोलत होतं.

पाण्यात जायला रुंद पायऱ्या होत्या. बाई खुर्चीतून आधीच उतरल्या होत्या. फ्रेमवाल्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या. तिसऱ्या पायरीला पाणी मांड्यांपर्यंत आलं आणि त्यांनी धरायला काठ चाचपला.

एवढे महिने त्यांनी फक्त आत सोडतील की नाही याचाच विचार केला होता. आपण जन्मात कधी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरलेलो नाही, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

पण बाई समोर उभ्या होत्या. ते उतरले. पाणी छातीला लागलं, तळ पायाखालून सरकतोय असं वाटलं आणि त्यांनी घाईने बाईंचे दोन्ही हात धरले.

"धरलं तुला," ते म्हणाले. "चल. मी आहे."

घरी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत नेत, तसे ते उलटे, पाठमोरे चालू लागले. बाईंनी डावा पाय टाकला. उजवा मागे राहिला आणि आलाच नाही. पुन्हा टाकला. पुन्हा फरफटला. काठावर बसलेली मुलं पाय हलवायची थांबली.

"बाई, आज असं काय चालताय?" एका मुलीने विचारलं.

"आजोबा ओढताहेत त्यांना," गोरटेला मुलगा म्हणाला.

"ओढत नाहीये," फ्रेमवाले म्हणाले. "आधार देतोय."

शिट्टीताई पोहत जवळ आली. "हात सोडा, आजोबा. एवढे महिने सुटलेलेच होते की."

"आणि पडली म्हणजे?"

"पाण्यात कोणी पडत नाही. फार तर बुडतं, आणि त्यासाठी मला पगार मिळतो."

त्या दिवशी त्यांनी सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी ते मनाशी ठरवून यायचे आणि पाणी छातीला लागलं की बोटं आपोआप मिटायची. रोज बाई अर्ध्या वाटेवर थांबायच्या आणि खुर्ची मागवायच्या. मुलांना गोष्ट सांगितली नाही, काचेवर अक्षर काढलं नाही. खोलीत आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. फ्रेमवाले त्यांच्या पायाला तेल चोळायचे. चोळताना त्यांना कळत होतं की आपण आलो आणि होतं तेही गेलं. पण त्यावर उपाय म्हणून त्यांना एकच गोष्ट सुचत होती, आणखी घट्ट धरणं.

शेवटच्या दिवशी मुलगी आली. ती बोळातल्या बाकावर बसली होती, काचेपलीकडे. तिच्यासाठी पट्टी मागायला वेळ नव्हता, ती संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. फ्रेमवाल्यांनी तिच्याकडे पाहून हात करायचा विचार केला, पण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता.

तलावाच्या मधोमध बाई थांबल्या.

"सोडा," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना शोधावा लागला नाही.

"अगं पण..."

"मला..." बाई म्हणाल्या.

फ्रेमवाल्यांच्या जिभेवर शब्द तयार होते. मला बसायचंय. मला दम लागला. मला भीती वाटते. त्यांनी ओठ मिटून धरले. काठावरची मुलं वाट पाहत होती. त्यांना घाई नव्हती, ती पाण्यात पाय बुडवून आरामात बसली होती.

"मला... तुम्ही..." बाईंनी श्वास घेतला. "तुम्ही... फार... जड आहात."

मुलं हसली. शिट्टीताईही हसली. फ्रेमवाल्यांनाही हसू आलं आणि हसता हसता त्यांनी खाली पाहिलं. पाण्यातून त्यांना आपले आणि बाईंचे हात दिसले. बाईंचा उजवा हात केव्हाच सुटला होता; डावा सरळ, ताठ, खालून वर रोवलेला होता आणि त्यांचे स्वतःचे दोन्ही पंजे त्यावर सगळ्या भारानिशी लटकले होते. ते पुढे झुकले होते. टाचा तळाला टेकलेल्याच नव्हत्या.

किती वेळ ते तिथे पाहत राहिले, त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी एक बोट सोडलं. नंतर दुसरं. बाईंनी शांतपणे उभं राहून त्यांना तेवढा वेळ दिला. शेवटचं बोट सुटलं तेव्हा पाण्याने त्यांना किंचित हेलकावलं आणि त्यांनी धरायला हात पुढे केला, पण बाई तिथे नव्हत्या.

त्या निघाल्या होत्या. डावा पाय, मग उजवा, मागे राहून मग पुढे येणारा. पाठ सरळ. त्या फ्रेमवाल्यांच्या शेजारून गेल्या आणि त्यांना मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, कारण वळायचं म्हणजे पाय हलवायचा. पाण्याच्या लहरी फक्त पाठीला लागत राहिल्या, आधी मोठ्या, मग लहान. मुलांचा गलका झाला. बाईंचा आवाज त्यात मिसळला आणि काहीतरी सांगू लागला, मधे अडला, पुन्हा सुरू झाला.

काचेपलीकडे मुलगी उभी राहिली होती. ती काचेवर बाहेरून टॉवेल फिरवत होती.

"आजोबा, या ना इकडे," गोरटेला मुलगा ओरडला.

फ्रेमवाले छातीएवढ्या पाण्यात मधोमध उभे होते. दोन्ही काठ सारखेच लांब होते. त्यांनी हात पाण्यावर आडवे पसरले, पण पाणी धरता येईना.

"थांबा रे," मागून बाई मुलांना म्हणाल्या. "त्यांना... वेळ... द्या."

मुलं गप्प झाली. सगळे थांबले. फ्रेमवाल्यांनी उजवा पाय उचलला. तो उचलला गेलाही, सहज, आपला नसल्यासारखा. आणि मग तो खाली कुठे ठेवायचा, हे त्यांना कळेना.